पिक अँड प्लेस मशीनला हवा: कॉम्प्रेसर निवडण्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

पुण्यात नऱ्ह्याला आमचा छोटा गाळा आहे. मी आणि माझा आतेभाऊ मिळून सर्किट बोर्ड जुळवून देतो: शेतीपंपाचे कंट्रोलर, एलईडी ड्रायव्हर, मधूनच एखाद्या कॉलेजच्या प्रोजेक्टचे वीस-पंचवीस बोर्ड. बरीच वर्षं सगळं काम हातानेच चालायचं. २०२४ च्या सुरुवातीला जुनं जपानी पिक अँड प्लेस मशीन, म्हणजे पार्ट उचलून बोर्डावर ठेवणारं मशीन, घ्यायचं ठरलं. मशीनबद्दल सल्ला देणारे ढिगाने भेटले. त्याला लागणाऱ्या दाबाच्या हवेबद्दल, म्हणजे कॉम्प्रेसरबद्दल, विचारलं की मात्र एकच उत्तर यायचं, "पाच एचपीचा टाका, काही होत नाही." ते पाच एचपी कुठून आले, हे कोणी सांगेना. मी कॉमर्सची, आतेभाऊ डिप्लोमावाला, आणि दोघांनाही न्यूमॅटिक्सचा, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेचा, गंध नाही. जे शोधून, विचारून आणि मोजून कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी हवा लागते कशाला ते सांगते. मशीनचं डोकं रीळमधला पार्ट नोझलने ओढून घेतं आणि बोर्डावर ठेवतं. ओढायला व्हॅक्यूम लागतो. बऱ्याच मशीनमध्ये वेगळा व्हॅक्यूम पंप नसतो, दाबाची हवा इजेक्टरमधून वेगाने सोडून तिथेच व्हॅक्यूम तयार होतो. पार्ट सोडताना पुन्हा हवेचीच एक बारीक फुंकर असते. आमच्या मशीनचे रीळ पुढे सरकवणारे फीडरही हवेवर चालणारे, बोर्ड अडवणारा आणि धरणारा सिलिंडरही हवेवरच. म्हणजे दाब घसरला की व्हॅक्यूम घसरतो, आणि तांदळाच्या कणीहून लहान रेझिस्टर वाटेतच गळतात. हवेत तेल असेल तर तेच तेल फुंकरीतून बोर्डावर पार्ट जोडायला लावलेल्या सोल्डर पेस्टवर जातं. पाणी असेल तर इजेक्टरचे फिल्टर चिकट होतात, व्हॉल्व्ह अडकायला लागतात.

फेब्रुवारीत भोसरीला एका युनिटमध्ये मशीन बघायला गेलो. मशीनच्या मागच्या बाजूला एक छोटी पाटी असते. तिच्याकडे कोणी बघत नाही, पण मोबाइलमध्ये फोटो काढायचा तो तिचा. आमच्या पाटीवर होतं: ०.५ मेगापास्कल, २६० लिटर प्रति मिनिट, ए.एन.आर. ०.५ मेगापास्कल म्हणजे ५ बार, आपल्या फिटरच्या भाषेत "पाच केजी". आणि ए.एन.आर. म्हणजे हे २६० लिटर दाबलेल्या हवेचे नसून साध्या मोकळ्या हवेचे: २० अंश तापमान, ६५ टक्के आर्द्रता आणि जवळपास समुद्रसपाटीचा दाब धरून मोजलेले.

पाटीवरचा आकडा खरा किती, हे विकणाऱ्याच्या गाळ्यातच तपासता आलं. त्यांच्याकडे ५०० लिटरची टाकी होती. मशीन रिकामंच, पार्ट न लावता पूर्ण वेगाने चालू ठेवलं, टाकी ७ केजीला भरल्यावर कॉम्प्रेसर बंद केला, आणि काटा ७ वरून ६ वर यायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजलं. हिशेब सोपा आहे. टाकीचे लिटर गुणिले घसरलेले केजी, भागिले मिनिटं. पावणेतीन मिनिटांच्या आत काटा ६ वर आला, म्हणजे मिनिटाला साधारण १९० लिटर. मग मशीनचा व्हॉल्व्ह बंद करून तेच परत मोजलं, त्यांच्या लाइनची गळती किती ते कळावं म्हणून. ती थोडीच निघाली. विकणारे काका आमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते, पण चहा मात्र त्यांनी पाजला.

१९० असले तरी आम्ही धरले २६०. रिकामं मशीन आणि सगळे फीडर लावलेलं मशीन यांत फरक पडतो. त्यात बोर्डावर पेस्ट लावणाऱ्या स्टेन्सिल प्रिंटरचे ४० मिळवले. एअर गन हा चोरटा खर्च आहे. दोन मिलिमीटर भोकाची गन ६ केजीवर दाबून धरली तर मिनिटाला दोनशे लिटरच्या पुढे जाते. पण ती क्षण-दोन क्षण चालते, तो धक्का टाकीने झेलायचा. गळती आणि पुढची वाढ धरून ३०० वर तिसरा हिस्सा चढवला: ४०० लिटर. एक सीएफएम, म्हणजे मिनिटाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर, तर हे झाले १४ सीएफएम. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी असतो. म्हणून आमची गरज निघाली १५ सीएफएम. कॉम्प्रेसरवाल्याशी बोलायला हा एकच आकडा घेऊन गेलो. एचपीचा विषय आम्ही काढलाच नाही.

मार्चमध्ये कोटेशन मागवायला सुरुवात केली. पुण्यात कॉम्प्रेसरला तोटा नाही. किर्लोस्कर न्यूमॅटिक हडपसरला, ॲटलास कॉप्को दापोडीला, आणि भोसरी-चिंचवडला विक्रेते पावलोपावली. पहिल्याच कोटेशनमध्ये पाच एचपीच्या पिस्टन कॉम्प्रेसरपुढे लिहिलेलं, १८ सीएफएम. वाचून बरं वाटलं. पण तो आकडा पिस्टनच्या घनफळाचा असतो. पिस्टन जेवढी जागा झाडतो तेवढी हवा बाहेर येत नाही. खरी बाहेर येणारी हवा म्हणजे एफएडी. तो आकडा ७ केजीवर किती, तो लेखी द्या, असं म्हटलं. एकाने "तेच ना मॅडम" म्हणून विषय मिटवला. दुसऱ्याने फोनच उचलणं सोडलं. तिसऱ्याने, वयस्कर गृहस्थ होते, कागदावर १२.५ लिहून दिलं आणि म्हणाले, "हे विचारणारं गिऱ्हाईक कमी येतं." त्यांच्याकडून आम्ही पिस्टन घेतला नाही, पण पुढे सगळा माल घेतला तो त्यांच्याकडूनच.

पर्याय चार होते. तेलाचा पिस्टन ७२ हजारांत. तो सतत चालण्यासाठी नसतो, दर तासाला त्याला विश्रांती लागते, शिवाय गरम हवेबरोबर तेल जास्त फेकतो आणि आवाज एवढा की शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही. बिनतेलाचा पिस्टन, दंतवैद्याकडे असतो त्याचा मोठा भाऊ. आवाज कमी, पण १५ सीएफएमसाठी दोन-तीन डोकी जोडावी लागत होती. बिनतेलाचा स्क्रोल, दोन सर्पिलांमध्ये हवा दाबणारा, सगळ्यांत देखणा, किंमत साडेचार लाखांच्या घरात. आणि छोटा पाच एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर, तेलाचाच, टाकी आणि हवा सुकवणारा ड्रायर एकाच सांगाड्यावर, ७.५ केजीला १६ सीएफएम एफएडी, २ लाख ३८ हजार अधिक १८ टक्के जीएसटी.

इलेक्ट्रॉनिक्सला बिनतेलाचाच हवा, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. मला ते पूर्ण पटलं नाही. बिनतेलाचा कॉम्प्रेसर स्वतः तेल घालत नाही, एवढंच. तो ओढतो ती हवा नऱ्ह्याची, हायवेच्या डिझेलची. ड्रायर आणि फिल्टर त्यालाही लागतातच. दवाखान्यात किंवा औषध कारखान्यात मी असा तर्क करणार नाही, पण आमच्या बोर्डांसाठी स्क्रू आणि चांगले फिल्टर हा सौदा योग्य वाटला. एक मात्र १२.५ लिहून देणाऱ्या त्या विक्रेत्या काकांनी आवर्जून सांगितलं. स्क्रू कॉम्प्रेसर गरजेपेक्षा फार मोठा घेऊ नका. तो दिवसातून थोडाच चालला तर त्याचं तेल नीट तापत नाही, हवेतलं पाणी तेलातच राहतं आणि तेल दुधासारखं पांढुरकं होतं. म्हणजे "पुढे लागेल" म्हणून दहा एचपीचा घेऊन ठेवणं हेही नुकसानच.

हवेची शुद्धता मागायलाही एक सोय आहे. आयएसओ ८५७३-१ या मानकात धूळ, पाणी आणि तेल यांचे वर्ग ठरलेले आहेत आणि ते याच क्रमाने लिहितात. आम्ही कोटेशनवर लिहून घेतलं १-४-१. मधला ४ म्हणजे दाबाखालचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात ते तापमान, ३ अंश, जो हवा थंड करून पाणी काढणाऱ्या साध्या रेफ्रिजरेटेड ड्रायरने मिळतो. शेवटचा १ म्हणजे घनमीटरमागे तेल ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत. एक विक्रेता उणे ४० अंशांचा, पाणी शोषणारे दाणे भरलेला डेसिकंट ड्रायर गळ्यात मारायला बघत होता. आमची असेंब्लीची खोली एसीत चोवीस-पंचवीस अंशांवर असते, ३ अंश दवबिंदूच्या हवेतून तिथे थेंब पडण्याचं कारणच नाही. शिवाय डेसिकंट ड्रायर स्वतःला सुकवायला हवेचाच मोठा वाटा खातो.

आता कागदपत्रं. बँकेने मशीनसाठी कर्ज मंजूर करताना तीन कोटेशनं, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी आणि गाळ्याचा भाडेकरार मागितला. २५ टक्के रक्कम आमची. मशीन आणि कॉम्प्रेसर त्यांनी धरले, पाइपिंगला मात्र "हे बांधकामात येतं" म्हणून नाही म्हणाले. उपाय काकांनीच सुचवला: पाइप, फिल्टर आणि बसवण्याचं काम हे सगळं कॉम्प्रेसरच्याच प्रोफॉर्मा इनव्हॉइसमध्ये एकेका ओळीने टाकायचं, "कॉम्प्रेस्ड एअर सिस्टिम, बसवून चालू करून" या मथळ्याखाली. तसं दिल्यावर मंजूर झालं. कोणी कर्जाने घेणार असेल तर पहिल्या कोटेशनपासूनच असं मागा, नंतर बदलायला गेलं की तारखा जुळत नाहीत. मार्चअखेर असल्यामुळे मंजुरीचं पत्र हातात पडलं ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत रोज फोन करायचा मोह आवरला नाही, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

मधल्या काळात विजेचं काम काढलं. गाळ्याला थ्री फेज होतं, पण मंजूर भार १० किलोवॅट. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि भाड्याचा गाळा असेल तर मालकाचं ना हरकत पत्र. आमचे मालक मुंबईला असतात. त्यांची सही मिळेपर्यंत तीन आठवडे गेले, तेव्हा हे पत्र सगळ्यात आधी मागून ठेवा. नंतर कोटेशन आलं, पैसे भरले, मीटर बदललं. किती भार मागायचा यावर आमच्या घरात वाद झाला. २० किलोवॅटच्या वर औद्योगिक ग्राहकाला स्थिर आकार मागणीप्रमाणे, म्हणजे केव्हीएवर लागतो. आमचा सोल्डर वितळवणारा रिफ्लो ओव्हन तापताना १२-१३ किलोवॅट ओढतो, तापल्यावर निम्म्याहून कमी. कॉम्प्रेसर पावणेचार, ड्रायर अर्धा, त्यात एसी. सगळं एकदम चालू केलं तर वीसची रेघ ओलांडते. म्हणून १९ मागितले आणि सकाळचा क्रम ठरवला: आधी कॉम्प्रेसर लावून टाकी भरायची, तो थांबला की ओव्हन, ओव्हन तापला की एसी. भिंतीवर तसा कागद चिकटवला आहे. आतेभाऊ अजूनही म्हणतो की एसी आधी लावला तर काय बिघडतं.

कॉम्प्रेसर मेच्या पहिल्या आठवड्यात आला, ऑर्डर दिल्यापासून साधारण महिन्याने. टाकीसकट पावणेतीनशे किलोच्या आसपास. टेम्पोवाला "खाली घेणं आपलं काम नाही" म्हणून बिडी ओढत उभा राहिला. शेजारच्या गाळ्यातून पॅलेट ट्रक आणि चार माणसं मिळाली म्हणून निभावलं. उतरवून घेणं कोणाकडे, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. उतरवल्याबरोबर टाकीवरच्या पाटीचा क्रमांक आणि हायड्रो टेस्टच्या (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीच्या) प्रमाणपत्रावरचा क्रमांक जुळवून पाहिला, सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी ओढून पाहिली. पुढे कारखाना म्हणून नोंदणी झाली तर दाबाच्या टाकीची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते, तेव्हा हेच कागद मागतात.

जागा आम्ही मागच्या पत्र्याच्या पडवीत ठरवली होती. डावीकडच्या गाळ्यात स्प्रे पेंटिंग चालतं. त्या बाजूला कॉम्प्रेसरचं तोंड ठेवलं असतं तर थिनरची वाफ हवेबरोबर थेट बोर्डापर्यंत आली असती, आणि साधे फिल्टर वाफ अडवत नाहीत, ते फक्त थेंब अडवतात. म्हणून हवा ओढायची जाळी उजवीकडे, मोकळ्या बोळाकडे.

पाइपिंगला काकांनी एक फिटरमामा पाठवले. माणूस साठीच्या पुढचा, हात सोन्याचा आणि मतं पक्की. पाइप कोणता घ्यायचा यावर मी आधीच वाचलं होतं: जीआय स्वस्त पण आतून गंजतो आणि ती गंजाची भुकटी फिल्टर भरते. पीव्हीसीचा पाणी-पाइप तर मुळीच नको, तो दाबाखाली फुटला की त्याचे तुकडे उडतात. ॲल्युमिनियमचा २० मिलिमीटर पाइप घेतला, जोड सगळे दाबून बसणारे. जीआयपेक्षा दुपटीने महाग पडला. मामांनी लाइनला टाकीपासून पुढे हलका उतार दिला, मीटरमागे एक सेंटिमीटर. प्रत्येक मशीनची फांदी मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवली, म्हणजे लाइनीत साचलेलं पाणी मशीनकडे न येता शेवटच्या ड्रेनकडे जातं. हे त्यांना सांगावं लागलं नाही.

सांगावं लागलं ते दुसरंच. मशीनजवळ त्यांनी एफआरएलचा संच काढला: फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर, तेलाची पारदर्शक वाटी असलेला.

"मामा, ती तेलाची वाटी नको."

"ताई, तेल नाही मिळालं तर सिलिंडर सुकतील. चाळीस वर्षं लावतोय."

"प्रेसवर लावा. हे मशीन कोरडी हवा मागतं. पुस्तकात लिहिलंय."

त्यांनी पुस्तकातलं चित्र चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग वाटी सोडवून खिशात टाकली आणि म्हणाले, "बघा हं, नंतर म्हणू नका." अडीच लाखांचा कॉम्प्रेसर, ड्रायर आणि तीन फिल्टर लावून तेल काढायचं आणि शेवटच्या हातभर अंतरावर वाटीने परत घालायचं, हे आपल्याकडे सर्रास होतं. एवढं एक तरी तुमच्या गाळ्यात तपासून पाहा.

क्रम असा आहे: कॉम्प्रेसर, टाकी, एक मायक्रॉनचा फिल्टर, ड्रायर, मग ०.०१ मायक्रॉनचा फिल्टर. तेलाच्या वाफेसाठीचा कार्बन फिल्टर फक्त पिक अँड प्लेसच्या फांदीवर लावला. तो लवकर संपतो आणि महाग असतो, एअर गनची हवा त्यातून कशाला घालवायची? १-४-१ मधला शेवटचा १ आम्हाला त्या एकाच टोकाला हवा होता.

१३ मेला पुण्यात मतदान होतं, मामा गावाकडे मत द्यायला गेले ते दोन-तीन दिवसांनी परतले. तोवर आम्ही लाइन झाडून घेतली. मशीन न जोडता एकेक तोंड पूर्ण उघडून हवा सोडायची, सावकाश, पंधरा-वीस मिनिटं. तोंडासमोर पांढरा टिश्यू धरला तर पहिल्यावर करडे डाग आले, पाइप कापताना राहिलेली ॲल्युमिनियमची कीस. डोळ्यांना चष्मा लावूनच हे करा. चौथ्या-पाचव्या टिश्यूनंतर डाग थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एक धरला, तो कोरा निघाला. तेलासाठी हीच चाचणी आरशाच्या तुकड्यावर केली, बोट फिरवून बघितलं.

मग गळती. संध्याकाळी सगळं बंद करून २५० लिटरची टाकी ७ केजीवर ठेवली आणि भोसरीचीच युक्ती वापरली. सहा मिनिटांत काटा ६ वर. म्हणजे मिनिटाला चाळीस लिटर नुसते हवेत, आमच्या कॉम्प्रेसरचा जवळपास दहावा हिस्सा! पाइपचे दाबजोड सगळे घट्ट होते. साबणाच्या पाण्याने ब्रश फिरवला तेव्हा फुगे आले ते स्वस्तातल्या क्विक कपलरवर आणि टेप कमी गुंडाळलेल्या आट्यांवर. बुधवार पेठेतून आणलेले ते कपलर टाकून दिले आणि भोसरीहून चांगले आणले, नगामागे दीडशे रुपये जास्त. आता हाच काटा उतरायला पंचवीस मिनिटांच्या वर लागतात. एक मिलिमीटरचं भोक ६ केजीवर मिनिटाला पन्नास-साठ लिटर घालवतं, हे आधी वाचलं होतं तेव्हा अतिशयोक्ती वाटली होती.

मशीन जोडलं मेच्या तिसऱ्या आठवड्यात. दाब, व्हॅक्यूम सगळं ठीक. पण दुपारी दोननंतर ड्रायरचा दवबिंदूचा आकडा ३ वरून ८-९ वर जायला लागला. पडवीत पत्र्याखाली थर्मामीटर ठेवला तर ४५ अंश. ड्रायरची कॅटलॉगमधली क्षमता बहुतेक वेळा ३५ अंशांची हवा आणि २५ अंशांची खोली धरून लिहिलेली असते. पुण्याच्या मेमध्ये ती तशी मिळत नाही. आमचा ड्रायर गरजेपेक्षा दीडपट घेतला होता म्हणून ९ वर थांबला. ९ अंशांनीही एसीच्या खोलीत पाणी पडलं नसतं, पण पुढे पावसाळा होता. कॉम्प्रेसर आपलीच गरम हवा पुन्हा ओढत होता, तेवढं तोडायचं होतं. पत्र्याचा डक्ट करून ती हवा छताबाहेर काढली आणि एक एक्झॉस्ट पंखा बसवला, सात हजारांत. त्यानंतर आकडा ४-५ च्या वर गेला नाही.

जुलै ही खरी परीक्षा. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडची एकता नगरी पाण्यात गेली, आमच्याकडचा एक मुलगा तिथलाच, आठवडाभर येऊ शकला नाही. गाळ्यात हवेचा दमटपणा असा की सोल्डर पेस्टचा डबा फ्रीजमधून काढला की लगेच घाम. टाकीखाली पाच लिटरचा कॅन लावून पाणी मोजायला घेतलं. दिवसाला दोन लिटरच्या आसपास, पांढुरकं, तेलकट वासाचं. मेमध्ये याच्या निम्मंही नव्हतं. ज्यांच्याकडे हाताने उघडायचा ड्रेन आहे त्यांनी पावसाळ्यात दोन वेळ उघडा. आमच्याकडे टायमरचा आहे, दर वीस मिनिटांनी दोन सेकंद फुस्स करतो. त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की एकदा गुरुवारी लाइट जाऊन आल्यावर तो आवाज आला नाही, तेव्हा पॅकिंगवाल्या मावशींनीच येऊन सांगितलं. टायमरचा फ्यूज उडाला होता. हे पाणी गटारात सोडू नका, त्यात तेल असतं. आम्ही कॅनमध्ये साठवून वर आलेलं तेल जुनं तेल गोळा करणाऱ्या नोंदणीकृत माणसाला देतो.

खर्च एकत्र सांगते, जीएसटी सोडून. कॉम्प्रेसर, टाकी आणि ड्रायर २ लाख ३८ हजार. तीन फिल्टर १९ हजार. पाइप, जोड आणि मामांची मजुरी ६२ हजार. केबल, स्टार्टरचं पॅनल, अर्थिंग २४ हजार. डक्ट-पंखा ७ हजार. साडेतीन लाख झाले. मशीन घेताना "कॉम्प्रेसरचे एक लाख धरा" असं सगळे सांगत होते. जीएसटीची वजावट मिळते, पण ती नंतर, पैसे आधी जातात, तेव्हा तेवढी रोकड हाताशी ठेवा. वीज दिवसाला पंचवीस युनिटच्या आसपास जाते.

देखभालीत पहिलं तेल ५०० तासांना बदललं, पुढचं २००० तासांना किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. वार्षिक कराराचा आकडा मला जास्त वाटला, म्हणून तो केला नाही. काकांचा माणूस बोलावला की येतो, तेल आणि फिल्टर आम्ही आणून ठेवतो. फिल्टरवरचा दाबफरकाचा काटा लाल पट्ट्यात गेला की तो बदलायचा. कार्बनच्या काडतुसाला असा काटा नसतो, त्याची तारीख वहीत लिहून ठेवावी लागते. आमच्या मापाचं काडतूस भोसरीत नेहमी तयार नसतं, मागवलं तर आठवडा लागतो, म्हणून एक जास्तीचं मी ऑफिसच्या कपाटात, मीटर बदलल्याच्या पावत्यांच्या फाइलीशेजारी ठेवलं आहे.